माळवदाच्या घरातलं वायफाय

आत्याच्या फोनची सुरुवात गेलं वर्षभर एकाच वाक्यानं होत होती. "नेट चालंना झालंय बघ. नुसतं फिरायलंय." फिरायलंय म्हणजे मोबाइलच्या पडद्यावरचं ते गोल चक्र. मे महिन्यात तर ती कंपनी बदलायलाच निघाली होती. म्हटलं थांब, आधी येऊन बघतो.

तिचं घर सोलापुरात, बाळीवेशीजवळ, गल्लीत. पुढचा भाग जुना, दगडमातीच्या दोन-अडीच फूट जाड भिंती आणि वर माळवद. मागे नंतर बांधलेला स्लॅबचा भाग, तिथं स्वयंपाकघर आणि दोन खोल्या. त्या स्लॅबवर पत्र्याची एक खोली, तिथं तिचा नातू बारावीचा अभ्यास करतो. म्हणजे एकाच घरात बांधकामाचे तीन जमाने. वायफाय समजून घ्यायला याहून चांगली प्रयोगशाळा नाही.

कनेक्शन १०० एमबीपीएसचं. मी मोबाइल घेऊन राउटरच्या शेजारी उभा राहिलो आणि स्पीड टेस्ट लावली. ९१ आला. माजघरात ३४. स्वयंपाकघरात ६. पत्र्याच्या खोलीत टेस्ट सुरूच झाली नाही.

आता कंपनी बदलून काय होणार होतं?

सोलापूरकराला हा फरक फार समजावून सांगावा लागत नाही. नळाला पाणी येणं वेगळं आणि ते गच्चीवरच्या टाकीत चढणं वेगळं. नळालाच आलं नाही तर महापालिकेच्या नावानं बोटं मोडायची. नळाला आलं पण टाकीत चढलं नाही तर आपली मोटर बघायची. नेटचंही तसंच. कंपनीची तार राउटरपर्यंत आणते ते इंटरनेट, आणि राउटरपासून तुमच्या हातातल्या मोबाइलपर्यंत हवेतून जातं ते वायफाय. आपण दोन्हीला मिळून 'नेट' म्हणतो आणि मग चुकीच्या माणसाशी भांडतो.

म्हणून तक्रारीचा फोन लावण्याआधी एक चाचणी करा. लॅपटॉप असेल तर लॅनच्या वायरीनं थेट राउटरला जोडून स्पीड बघा. लॅपटॉप नसेल तर मोबाइल घेऊन राउटरपासून दोन-तीन हातांवर उभे राहा. तिथं स्पीड पूर्ण मिळत असेल तर दोष घरात आहे. तिथंच मिळत नसेल तर कंपनीला फोन करा, आणि "वायरीनं जोडून बघितलंय" हे पहिल्याच वाक्यात सांगा. समोरचा माणूस लगेच वेगळ्या सुरात बोलायला लागतो.

आकड्यांचा एक घोळ इथंच मिटवून टाकू. प्लॅनमध्ये लिहिलेले १०० म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट. फाइल उतरवताना मोबाइल दाखवतो ते मेगाबाइट. ८ बिटांचा एक बाइट, म्हणजे १०० च्या प्लॅनवर फाइल सेकंदाला साधारण १२ मेगाबाइटनं उतरली तर प्लॅन पुरेपूर मिळतोय. कुणी लुटलेलं नाही. उलट ३०० चा प्लॅन घेऊनही वायरीवर स्पीड ९४-९५ च्या पुढं सरकत नसेल, तर राउटरची लॅनची खाच जुन्या पद्धतीची, १०० पर्यंतच चालणारी आहे, किंवा वायरीच्या आठ तारांपैकी एखादी तुटलीय. ही गोष्ट प्लॅन विकताना सहसा कुणी सांगत नाही.

डब्यावरचे दिवे

फायबरचं कनेक्शन असेल तर घरात काचेची बारीक तार येते आणि तिच्यातून प्रकाश येतो. तो प्रकाश ओळखून त्याचं विजेच्या संदेशात रूपांतर करणारा डबा म्हणजे ओएनटी. बहुतेक घरांत आता ओएनटी आणि राउटर एकाच डब्यात असतात, काही ठिकाणी दोन वेगळे डबे दिसतात. दिव्यांपैकी दोनच लक्षात ठेवले तरी पुरे. 'पॉन'चा हिरवा दिवा स्थिर असला की प्रकाश नीट पोचतोय. 'लॉस'चा दिवा लाल झाला की प्रकाश वाटेत हरवलाय. लाल दिवा दिसला तर सेटिंगमध्ये हात घालू नका, डबा दहादा बंद-चालू करू नका. तार कुठंतरी तुटलीय, वाकलीय किंवा उंदरानं कुरतडलीय. आपल्याकडे गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या, आधी नंदीध्वजांच्या वाटेवरच्या वायरी वर घेतात, तेव्हाही एखादी निसटते. त्यावर माणूस येऊन जोड देणं एवढाच इलाज.

घरातल्या घरात मात्र एवढं बघा. काचेची तार चहाच्या कपाच्या तोंडापेक्षा लहान वेटोळ्यात गुंडाळू नका. तार फार वाकली की प्रकाश बाहेर गळतो. आत्याकडे उरलेली पिवळी तार घट्ट गुंडाळून वर रबर लावलं होतं, व्यवस्थितपणाच्या हौसेनं. आणि त्या तारेच्या टोकात डोळा लावून कधी बघू नका. आतला लेझर डोळ्याला दिसत नाही, पण डोळ्यात जातो.

रिस्टार्ट आणि रिसेट यांतला फरक मी स्वतःच्या पैशानं शिकलोय. रिस्टार्ट म्हणजे बटण बंद करून अर्ध्या मिनिटानं चालू करणं. यानं राउटरची भरलेली स्मरणशक्ती मोकळी होते, लाइनशी नव्यानं बोलणी होतात, बऱ्याच वेळा बरं वाटतं. रिसेट म्हणजे मागच्या बारीक भोकात टाचणी खुपसणं. त्यानं आतलं सगळं पुसलं जातं, कंपनीनं भरून दिलेलं युजरनेम आणि पासवर्डसुद्धा. मी एका रविवारी सकाळी आत्मविश्वासानं टाचणी खुपसली. कंपनीचा माणूस सोमवारी संध्याकाळी आला. तेव्हापासून आमच्या घरात टाचण्या माझ्या हाती लागणार नाहीत अशा ठेवतात. तुम्ही मात्र ते युजरनेम आणि पासवर्ड आजच मागून वहीत लिहून ठेवा. कनेक्शन तुमच्या नावावर आहे, मागायला काही हरकत नाही.

भिंत, पत्रा आणि पिंप

राउटर दोन पट्ट्यांवर बोलतो, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. पहिल्याची लाट साडेबारा सेंटीमीटरची, दुसऱ्याची पाच-सहा. लांब लाट भिंतीतून बरी निभावते, पण वेग कमी देते. आखूड लाट वेग भरपूर देते, पण भिंत आली की लवकर दमते. विटेची साधी एक भिंत दोघींनाही चालते. दगडमातीची अडीच फुटी भिंत म्हणजे आखूड लाटेची वाट जवळजवळ बंद, आणि लांब लाटसुद्धा धापा टाकतच पलीकडे पोचते. आपले आजे-पणजे उन्हाळ्यात घर गार राहावं म्हणून एवढ्या जाड भिंती घालत. ऊन अडतं तसं वायफायही अडतं.

धातूचं गणित आणखी सरळ. पत्रा लहरी आत घेतच नाही, परत फेकतो. म्हणून राउटर खाली आणि खोली पत्र्याची असेल तर दारा-खिडकीतून शिरेल तेवढाच सिग्नल. लोखंडी कपाट, फ्रिज, आरसा, स्वयंपाकघरातली स्टीलची मांडणी, सगळे याच जातीचे. टीव्हीच्या मागे लपवलेला राउटर तर किती घरांत बघितला असेल! दिसायला नको म्हणून लपवायचा आणि मग तो पोचत नाही म्हणून ओरडायचं.

आणि पाणी. मायक्रोवेव्ह ओव्हन २.४५ गिगाहर्ट्झच्या लहरींनी अन्नातलं पाणी तापवतो. वायफायची २.४ ची पट्टीही तीच. म्हणजे पाणी या लहरी पितं. सोलापुरात नळ रोज येत नाही, म्हणून घरोघरी पिंपं आणि टाक्या भरून ठेवलेल्या. आत्याच्या माजघरात भिंतीला लागून तीन मोठी निळी पिंपं होती, नेमकी राउटर आणि स्वयंपाकघर यांच्या मधल्या रेषेत. पिंपं मोरीकडं सरकवली आणि राउटर दाराजवळच्या टीव्हीमागून काढून माजघराच्या चौकटीवर, छातीपेक्षा उंच, उघड्या फळीवर ठेवला. स्वयंपाकघरातले ६ झाले २२. एक पैसाही खर्च नाही, फक्त तार दहा फूट लांब घ्यावी लागली.

राउटर घराच्या मध्यावर हवा, हे कंपनीच्या माणसाला ठाऊक असतं. पण तार दारातून येते, तो दारातच खिळा ठोकतो आणि पुढच्या घरी जातो. त्याला थांबवून "आत घ्या" म्हणण्याचा क्षण एकच, कनेक्शन बसवण्याचा. तो चुकवू नका.

अँटेनांबद्दल लोकांचा एक गैरसमज आहे. अँटेनाच्या टोकातून सिग्नल कारंज्यासारखा उडतो असं वाटतं, म्हणून ती खोलीकडं रोखून ठेवतात. प्रत्यक्षात सिग्नल अँटेनाच्या भोवती मेदूवड्यासारखा पसरतो, अँटेना वड्याच्या भोकात उभी. टोकाच्या दिशेनं सर्वांत कमी. त्यामुळं एकाच मजल्यावर पसरायचं असेल तर अँटेना सरळ उभ्या ठेवा, आणि वरच्या मजल्यासाठी त्यांतली एखादी आडवी करा.

सिग्नल किती आहे हे मोबाइलवरच्या कांड्यांवरून नीट कळत नाही. वायफाय मोजणारी फुकट ॲप मिळतात, ती उणे आकड्यात दाखवतात. उणे ५० म्हणजे उत्तम, उणे ६५ पर्यंत व्हिडिओ कॉल सुखानं होतो, उणे ७५ च्या खाली फिरायलंय सुरू. आणि हा आकडा सरळ वजाबाकीचा नाही. १० नं खाली गेला की ताकद दहावा हिस्सा उरते.

शेजारची मंडळं

पेठेतल्या गल्लीत वायफायची यादी उघडली तर वीस-पंचवीस नावं दिसतात. सगळे २.४ च्या त्याच अरुंद पट्टीवर. तिच्यात आपल्याकडे १३ चॅनल, म्हणजे बोलायच्या वाटा, आहेत, पण ते एकमेकांना इतके चिकटलेले की एक चॅनल वापरला तर आजूबाजूचे चारही भरतात. एकमेकांना धक्का न लागणारे तीनच धरायचे, १, ६ आणि ११.

आता गंमत अशी की दोन राउटर एकाच चॅनलवर असले तर फार बिघडत नाही. त्यांना एकमेकांचं बोलणं कळतं, एक बोलत असताना दुसरा थांबतो, पाळी लावतो. पण एक ६ वर आणि दुसरा ८ वर असेल तर त्यांना एकमेकांचे शब्द कळत नाहीत, नुसता धडधडाट ऐकू येतो. गणपतीत शेजारच्या मंडळाच्या स्पीकरमुळं घरात काय होतं ते आठवा. म्हणून ॲपमध्ये बघा, १, ६, ११ पैकी कुठं गर्दी कमी आहे, आणि सेटिंगमध्ये तो चॅनल ठेवा. २.४ ची रुंदी २० मेगाहर्ट्झच असू द्या. ४० केली की कागदावर वेग वाढतो आणि गल्लीत भांडण वाढतं.

५ च्या पट्टीवर जागा ऐसपैस. भारतात २०१८ साली तिचा मोठा भाग परवान्याविना वापरायला मोकळा झाला. शिवाय ती भिंतीत लवकर मरते, त्यामुळं शेजाऱ्याचा त्रासही भिंतीपलीकडंच राहतो. वाईटात चांगलं. मात्र ५२ ते १४४ मधले चॅनल रडारशी वाटून घ्यावे लागतात. रडारची चाहूल लागली की राउटरला ते सोडून पळावं लागतं, तेवढा वेळ नेट तुटतं. विनाकारण तुटत असेल तर ३६ ते ४८ किंवा १४९ च्या पुढचे वापरून बघा.

घरातल्या कॅमेऱ्याला किंवा स्मार्ट बल्बला वायफाय सापडतच नसेल तर तो बिघडलेला असेलच असं नाही. असली स्वस्त यंत्रं फक्त २.४ वर बोलतात. दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिलं असेल तर जोडणी करण्यापुरती नावं वेगळी करा.

दोन कुलपं

सेटिंग कुठं असतं? राउटरला जोडलेल्या मोबाइलच्या ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ टाका. नेमका पत्ता डब्याच्या खाली चिकटवलेल्या कागदावर असतो. हा आकडा साऱ्या जगात लाखो घरांत तोच आहे, तरी घोळ होत नाही. जुन्या वाड्याला रस्त्यावर एकच नंबर, आत दहा बिऱ्हाडं. पोस्टमन वाड्यापर्यंत येतो, पत्र कोणत्या खोलीत द्यायचं ते वाड्यातल्यालाच ठाऊक. राउटर हा तो वाड्यातला माणूस. आतल्या प्रत्येक मोबाइलला, टीव्हीला तो खोली नंबर देतो, आणि कुणी काय मागवलं होतं हे लक्षात ठेवून ज्याचं त्याला पोचवतो.

इथं दोन वेगळे पासवर्ड असतात आणि निम्मी माणसं त्यांना एकच समजतात. एक वायफायचा, पाहुण्याला देतो तो. दुसरा राउटरच्या सेटिंगचा. पहिला दरवाजाचं कुलूप, दुसरा तिजोरीचं. दुसरा बदलायचं कुणाच्या डोक्यातच येत नाही, तो कारखान्यातून आला तसाच, 'ॲडमिन-ॲडमिन' राहतो. २०१६ साली मिराई नावाच्या व्हायरसनं असलेच तयार पासवर्ड वापरून जगभरातले राउटर आणि कॅमेरे ताब्यात घेतले होते, आणि त्यांच्या जोरावर मोठमोठ्या वेबसाइट काही तास आडव्या पाडल्या होत्या. ज्यांच्या घरातले कॅमेरे त्यात सामील होते, त्यांना पत्ताही नव्हता.

वायफायचा पासवर्ड म्हणून मोबाइल नंबर ठेवणारे आपल्यात फार. तो का नको, हे नीट सांगतो. चोर तुमच्या दारात बसून एकेक पासवर्ड टाकत बसत नाही. तुमचा मोबाइल राउटरला जोडला जाताना जी देवाणघेवाण होते ती तो हवेतून टिपतो, घरी जातो आणि चांगल्या संगणकावर निवांत अंदाज लावत बसतो. ६, ७, ८ किंवा ९ नं सुरू होणारे दहा आकडी नंबर एकूण ४०० कोटी. हा आकडा आपल्याला मोठा वाटतो, संगणकाला काही तासांचं काम. त्याऐवजी एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द रोमन लिपीत जोडा. भाकरी, पतंग, स्टेशन, कात्री, असं काहीतरी. हेच नको, हे आता सगळ्यांनी वाचलं.

सुरक्षेच्या यादीत डब्ल्यूपीए-३ असेल तर ते निवडा, जुना मोबाइल जोडला जात नसेल तर डब्ल्यूपीए-२. डब्ल्यूईपी दिसलं तर त्याला हात लावू नका, ते २००१ सालीच फुटलं. डब्ल्यूपीएस, म्हणजे बटण दाबून जोडायची सोय, बंद करा. बाहेरून राउटर चालवायची सोय, रिमोट मॅनेजमेंट, तीही बंद. वायफायचं नाव लपवून मात्र काही साधत नाही, शोधणाऱ्याला ते दिसतंच.

जोडलेल्या यंत्रांची यादी महिन्यातून एकदा बघा. अनोळखी नाव दिसलं म्हणून लगेच शेजाऱ्यावर संशय घेऊ नका. हल्लीचे मोबाइल ओळख लपवायला खोटा पत्ता लावतात, त्यामुळं आपलाच फोन परका वाटतो. खरोखर परका असेल तर पासवर्ड बदला, सगळे एकदम बाहेर. तुमच्या वायफायवरून कुणी भलतंसलतं केलं तर चौकशी कनेक्शन ज्याच्या नावावर आहे त्याच्याकडे येते. ऑनलाइन फसवणूक झाली तर फोन करायचा राष्ट्रीय क्रमांक १९३०. तो सोलापूरकराला पाठ करावा लागणार नाही, इंग्रजांनी शहरात मार्शल लॉ लावला त्याचं साल आहे ते.

ऊन, लाईट आणि पत्र्याची खोली

राउटरच्या पुस्तिकेत बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, वापराचं तापमान ० ते ४० अंश. आपला मे महिना ४३-४४ चा. राउटर पत्र्याखाली किंवा कपाटावर गाठोड्यांच्या मागे असेल तर दुपारी तो तापून हळू पडतो, मध्येच बंदही होतो. त्याच्यावर फडकं घालू नका, भोकं वर मोकळी ठेवा. दुपारीच बिघडतं आणि रात्री सुधारतं अशी तक्रार असेल तर आधी त्याला हात लावून बघा.

लाईट गेली तर फायबरच्या वाटेत सहसा वीज लागतच नाही, कंपनीच्या केंद्रापासून घरापर्यंत फक्त काच आणि प्रकाश. तिकडे बॅटरी असली म्हणजे झालं. म्हणून घरच्या डब्याला छोटा यूपीएस लावला की लाईट गेल्यावरही नेट चालतं. घेताना ॲडाप्टरवरचा व्होल्टेजचा आकडा जुळवा, बहुतेकांचा १२ असतो, पण सगळ्यांचा नाही.

राहिला नातू. पत्र्याच्या खोलीसाठी दुकानदारानं भिंतीत खोचायचा एक्सटेंडर दाखवला होता. मी नको म्हटलं. साधा एक्सटेंडर ज्या पट्टीवर ऐकतो त्याच पट्टीवर पुढं सांगतो, त्यामुळं वेग निम्मा होतो. शिवाय जिथं सिग्नल मुळात मेलेला, तिथं तो काय पुढं नेणार? त्याऐवजी माजघरातल्या राउटरपासून लॅनची वायर जिन्यातून वर घेतली. अशी वायर १०० मीटरपर्यंत बिनधास्त चालते. वर आमच्या घरी धूळ खात पडलेला जुना राउटर लावला. त्यात चारच गोष्टी केल्या. पत्ता बदलून १९२.१६८.१.२ केला. डीएचसीपी बंद केलं, नाहीतर वाड्यात खोली नंबर वाटणारे दोघं झाले असते. वायर लॅनच्या खाचेत लावली, वॅनच्या, म्हणजे बाहेरून येणाऱ्या तारेच्या, नव्हे. नाव आणि पासवर्ड खालच्यासारखाच ठेवला, चॅनल फक्त वेगळा. काही राउटरमध्ये यासाठी ॲक्सेस पॉइंट नावाचं तयार बटण असतं, मग एवढंही करावं लागत नाही.

पत्र्याच्या खोलीत ८८ आला. पत्रा लहरी बाहेर जाऊ देत नाही, तेच आता कामाला आलं.

पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क वेगळं करून दिलं. त्यावर नेट मिळतं, पण घरातला कॅमेरा, टीव्ही दिसत नाही. त्याचा पासवर्ड आत्यानं स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाशेजारी लिहून ठेवलाय. तिजोरीचा पासवर्ड कुठं लिहिलाय ते तिनं मला सांगितलं नाही.